खाच, माशी आणि लांडगी

"अजून किती राहिलं, अताके?" अनारकूलनं मागं वळून विचारलं.

"आलो तितकंच," सासरे म्हणाले. "डोंगराला विचारशील तर निम्मं. तुझ्या बुटांना विचारशील तर दुप्पट."

उजाडताच दोघं वरच्या दगडी खोपटातून निघाली होती. पुढं साठ-पासष्ट मेंढ्या, मध्ये लंगडणारा घोडा, आणि मागं सून आणि सासरे. घोड्याच्या खुरात गारगोटी रुतली होती. ती काढली, पण तो पाय टेकेना, म्हणून त्याच्यावर बसायचं सोडून त्यालाच सांभाळत आणायची वेळ आली. नोव्हेंबर सरत आला होता. आणखी एकदा बर्फ पडलं की वरची वाट चैत्रापर्यंत बंद, म्हणून आजच उतरायला हवं होतं. मेंढ्यांत घरच्या थोड्या, बाकीच्या गावातल्या अकरा घरांच्या. प्रत्येकीच्या पाठीवर ज्याच्या त्याच्या रंगाची खूण. दर वर्षी उन्हाळ्यात ही अकरा घरं आपली जनावरं या म्हाताऱ्याच्या हवाली करत आणि हिवाळ्याच्या तोंडाशी मोजून परत घेत. बेचाळीस वर्षांत मोजणीत कमी आलेल्या मेंढ्या दोन हातांच्या बोटांवर मावतील इतक्याच.

या खेपेला मात्र सोबत कुत्रं नव्हतं. गेल्या महिन्यात लांडग्यांनी त्यालाच फाडलं होतं.

आणि ते लांडगे सकाळपासून बरोबर होते. एक लांडगी आणि तिची दोन वाढलेली पिल्लं. अनारकूलला ती तिन्ही डावीकडच्या धारेवर दिसली, बर्फात ओढलेल्या राखेच्या रेघांसारखी.

"अताके, तिघं आहेत."

"दिसतात मला," सासरे म्हणाले. पण ते बघत होते उजवीकडे.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. बर्फात नेहमी अताके पुढं चालत, आणि बाकीच्यांनी त्यांच्या पावलात पाऊल टाकायचं. आज ते तिच्या मागं होते, आणि तिच्या पावलांत मोजून पाऊल टाकत होते.

अनारकूल गावच्या शाळेत शिकवायची; मेंढ्या उतरवायला मात्र दर वर्षी सुट्टी काढून वर यायची. शिवाय तालुक्याच्या साप्ताहिकात महिन्यातून एकदा गावातल्या कुणा तरी माणसाविषयी लिहायची. कधी दूध गोळा करणाऱ्या बाई, कधी कालव्याचा राखणदार. संपादक वर्षभर मागं लागले होते की घरात एवढा मोठा मेर्गेन असताना तुम्ही बाहेर काय शोधता. मेर्गेन म्हणजे ज्याचा नेम चुकत नाही असा शिकारी. सगळं खोरं अताकेंना त्याच नावानं हाक मारी. अताके या महिन्यात पंच्याहत्तरीत पदार्पण करणार होते, तेव्हा लेख हवाच, असा निरोप होता.

पण अडचणी दोन होत्या. एक म्हणजे म्हातारा काही सांगायचा नाही. दुसरी मोठी. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही त्या डोंगरातली रीत. तेवीस वर्षांत अनारकूलनं ते नाव ओठांवर आणलं नव्हतं; हाक मारायची ती अताके, म्हणजे बाबा. वर्गात त्याच नावाचा एक मुलगा आला, तर त्याला ती चार वर्षं 'खिडकीजवळचा' म्हणत राहिली, आणि त्याची जागा बदलली तरी तो खिडकीजवळचाच राहिला. आता ज्याचं नाव घालता येत नाही त्याच्यावर लेख कसा लिहायचा?

तरी वाट लांब होती, म्हणून तिनं विचारून बघितलं.

"अताके, पहिली शिकार कोणत्या वर्षी केलीत?"

"खूप बर्फ पडलं होतं त्या वर्षी."

"बर्फ तर दर वर्षी पडतं."

"मग दर वर्षी केली म्हणून लिही."

"आणि ऐबक मारायचं का सोडलंत?" ऐबक म्हणजे कड्यावरचा मोठ्या शिंगांचा रानबोकड.

यावर मात्र ते बोलले. "एक म्हातारा बोकड होता. मला बघून पळाला नाही. उभाच राहिला. मी म्हटलं, हा दमलाय का मी? तेव्हापासून फक्त लांडगे. लांडगा माझ्यासारखाच आहे, त्यालाही मेंढी लागते. आमचं भांडण बरोबरीचं आहे."

बोलता बोलता त्यांनी खांद्यावरची रायफल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तिच्या पाठीवर दुर्बीण होती, आणि दुर्बिणीखाली, नळीवर, ती खाच आणि ती माशी, जिच्यावरून सबंध गाव दीड वर्ष हसत होतं.

ते प्रकरण असं.

अताकेंची जुनी बंदूक उघड्या नेमाची होती. नळीच्या मागच्या अंगाला लोखंडी पट्टीत एक खाच, आणि तोंडाशी उभा केलेला एक बारीक दाणा. त्या दाण्याला माशी म्हणतात. खाचेतून माशी बघायची, माशीवर जनावर ठेवायचं आणि चाप ओढायचा. त्या बंदुकीनं अताकेंचं निम्मं आयुष्य सरलं. शेवटी तिची नळी आतून इतकी झिजली की गोळी कुठं जाईल ते गोळीलाच ठाऊक नसे. मग अनारकूलच्या नवऱ्यानं, साबिरबेकनं, नवी रायफल आणली. तो खिंडीपलीकडे मालाचा ट्रक चालवायचा आणि पंधरवड्यातून दोन दिवस घरी असायचा. नव्या रायफलीवर दुर्बीण बसवूनच आली होती. नळी मात्र गुळगुळीत, ना खाच, ना माशी.

अताकेंनी ती हातात घेतली, वरून खाली हात फिरवला आणि म्हणाले, "हिला भुवया नाहीत."

"अताके, आता भुवया लागत नाहीत," साबिरबेक म्हणाला. "दुर्बिणीतून चारपट मोठं दिसतं. फुलीवर जनावर आलं की झालं."

"आणि दुर्बीण फुटली तर?"

"तर नवी आणू."

"कुठं? लांडग्याला थांब म्हणून?"

तिथं त्यांचा कुरदाश बसला होता, बेइशे. कुरदाश म्हणजे एकाच वर्षी जन्मलेला. त्या मुलखात कुरदाशाला वाटेल ते बोलायची मुभा असते आणि ऐकून घेणाऱ्यानं रागवायचं नसतं. बेइशेनं चहाची वाटी खाली ठेवली.

"मेर्गेन, टक्कल पडल्यावर तू कंगवा विकत घेतलास ते मला आठवतं. आता दुर्बीण आल्यावर माशी बसव. पुढच्या वर्षी मोटार घे आणि तिला लगाम बांध."

"मोटार उतारावर बंद पडली तर लगाम कामाला येईल," अताके म्हणाले. "तुला मात्र दोन्हीतलं काही उपयोगाचं नाही. तू घोड्यावरून पडलास तोही घोडा बांधलेला होता."

सगळे हसले. पण अताकेंच्या डोक्यातून ते गेलं नाही. पंधरा दिवसांनी ते रायफल पोत्यात गुंडाळून बाजारच्या गावी निघाले, आणि शाळेच्या कामानं तिकडे जायचंच होतं म्हणून अनारकूलही बरोबर गेली. उस्ता म्हणजे कारागीर; दोलोन उस्ताचं दुकान म्हणजे एक जुना लोखंडी डबा, आत भट्टी, लोखंड धरायचा वाइस आणि भिंतीवर टांगलेली कुलपं. उस्तानं रायफल उजेडात धरली आणि मान हलवली.

"नळीला मी भोक पाडणार नाही. भोक पाडलेल्या नळीचा भरवसा नसतो. बसवायचीच तर कमी आचेवर डाख देऊन खोबण बसवीन, आणि माशी त्या खोबणीत ठोकीन. पण एक सांगू? तुमची दुर्बीण बसलीय बरोबर खाचेच्या वाटेत. ती काढल्याशिवाय माशी दिसणार नाही. म्हणजे हिच्या कड्यांना हातानं फिरतील असे स्क्रू हवेत. शिवाय दुर्बिणीतून बघताना तळाशी माशीची धुरकट सावली येईल, ती वेगळीच. एवढा खटाटोप करून उघड्या नेमानं मारणार कोण?"

"का? मी."

उस्तानं त्यांच्याकडे नीट बघितलं. आवाज खाली आणला. "अताके, रागावू नका. माझे वडील तुमच्याएवढे आहेत. जवळची खाच, मधली माशी आणि लांबचं जनावर, या वयात डोळ्यांना हे तिन्ही एकदम धरता येत नाही. म्हणूनच तर देवानं माणसाला दुर्बीण सुचवली. दुर्बिणीत सगळं एकाच काचेत येतं. तुम्हाला खाच दिसेल का?"

"मला त्या डोंगरावरचे दगड मोजता येतात."

"किती आहेत?"

"पुष्कळ."

उस्ता हसला. अनारकूलला मात्र हसू आलं नाही. सासऱ्यांचा कान लाल झालेला तिनं बघितला, आणि नजर भट्टीकडे वळवली.

"बसव," अताके म्हणाले. "माणूस घोड्यावरून पडतो. दुर्बीण दगडावर आपटते. धुकं येतं, काच गोठते. घायाळ जनावर दहा पावलांवर झुडपात शिरलं तर दुर्बिणीत नुसते केस दिसतात, जनावर दिसत नाही. काच आहे तोवर काच. काच गेली की लोखंड. नाही तर ही बंदूक नाही, काठी आहे, आणि काठी मला घरी आहे."

उस्तानं बसवली. परतल्यावर बेइशेनं ती बघितली आणि गावभर सांगितलं की नाकापेक्षा मोती जड झालाय. पोरंसोरंही अताके दिसले की हातानं माशी वारल्यासारखं करत.

मग नेम बसवायचा दिवस आला. गावाबाहेरच्या ओढ्यात जुन्या नमद्याचा, जाड लोकरी पटाचा, तुकडा टांगून, मध्ये काजळीचा ठिपका काढून, शंभर पावलं मोजली. अताकेंनी दुर्बिणीचा नेम स्वतः बसवला, तीन गोळ्यांत. मग स्क्रू फिरवून दुर्बीण उतरवली, आणि रायफल सुनेच्या हातात दिली.

"माझा खांदा धरलाय. तू झाड गोळ्या, मी बघतो कुठं लागतात."

"अताके, मी शाळेची बाई. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शाळेची बाई गोळ्या झाडते. मुलं गृहपाठ करून येतील."

तिनं झाडल्या. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी पाच. प्रत्येक गोळीनंतर अताके विचारत, "कुठं लागली?" ती सांगे, डावीकडे, चार बोटं. मग ते हातोडीनं माशी एका केसाइतकी सरकवत. तिसऱ्या दिवशी पाचापैकी चार ठिपक्यात. त्या तिन्ही दिवसांत तिला एकच प्रश्न पडत होता. बघतो कुठं लागतात असं म्हणणारा माणूस दर वेळी मलाच का विचारतो? उत्तर तिला कळत होतं. पण सासऱ्याला असं काही सुनेनं विचारायचं नसतं, आणि मेर्गेननं असं काही सुनेला सांगायचं नसतं. तेव्हा दोघांनी काडतुसांची टरफलं गोळा केली, आणि ती घरी येऊन कणीक मळायला लागली.

खरं तर या माणसाला प्रश्न विचारायचा हक्क जर कुणाला असेल तर तो तिलाच होता. ती या घरात आली त्या पहिल्याच हिवाळ्यात तिची शिक्षिकेची शेवटची परीक्षा होती, नारिनला, जिल्ह्याच्या शहरी. बर्फानं रस्ता बंद. सासू म्हणाली, पुढच्या वर्षी दे. नवरा म्हणाला, आई म्हणते तसं. अताके काहीच म्हणाले नाहीत. पहाटे त्यांनी घोड्यावर खोगीर घातलं, नव्या सुनेला वर बसवलं, आणि लगाम धरून स्वतः पुढं पायी चालले. दोन दिवस. परीक्षा होईपर्यंत महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. पहारेकऱ्यानं विचारलं, आजोबा, तुम्ही इथं कशाला? तर म्हणाले, "सुनेची परीक्षा आहे. मी घोडा धरलाय." आज ती जे काही होती, तिच्या हातात खडू होता, पगार होता, लिहायला कागद होता, ते त्या दोन दिवसांच्या पावलांमुळे. दर नमाजानंतर तळहात चेहऱ्यावरून फिरवताना ती आधी आईवडिलांसाठी मागे, मग या म्हाताऱ्यासाठी, आणि मग स्वतःसाठी काही उरलं असेल तर.

खिंडीच्या खालच्या अंगाला वाट दोन कड्यांमध्ये शिरते. तिथं पोचेपर्यंत धुकं उतरलं. मेंढ्या एकमेकींना खेटून चालू लागल्या. अताकेंनी खिशातून वाळवलेल्या दह्याचे दोन गोळे काढले, एक तिला दिला. तो तोंडात विरघळायच्या आत घोडा फुरफुरला आणि पुढच्या मेंढ्या एकदम मागं वळल्या.

लांडगी डाव्या उतारावरून आली. धावत नव्हती, घरचीच असल्यासारखी येत होती. कळपाच्या कडेला तिनं एका मेंढीला तोडलं आणि मागच्या पायाला धरलं. पाठीवर पिवळी खूण, म्हणजे शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंची. दोन्ही पिल्लं वर कड्याशी थांबून बघत होती. आईची पकड बसली की ती उतरणार, आणि मग धुक्यात साठ मेंढ्या साठ दिशांना.

अंतर सत्तर-ऐंशी पावलं. अताकेंनी रायफल खांद्याला लावली. डोळा दुर्बिणीला टेकवला, आणि काढला. बाहीनं काच पुसली, पुन्हा टेकवला.

"दूध," ते म्हणाले.

अनारकूलनं बघितलं. बाहेरची काच स्वच्छ होती. दुर्बीण आतून पांढरी झाली होती, गोठून. आणि त्या क्षणी आदल्या संध्याकाळचं तिला आठवलं. अताके रायफल नेहमी खोपटाबाहेर, वळचणीला टांगत. काल बर्फ भुरभुरत होतं, ते नमाजाला बसले होते, आणि तिला वाटलं, जिच्या भरवशावर आपण इथं आहोत तिला दाराबाहेर थंडीत कशी ठेवायची? पाहुण्याला तरी कुणी ठेवतं का? तिनं ती आत आणली आणि शेगडीजवळच्या खुंटीला, मानाच्या जागी, टांगली. रात्रभर उबेत कुठून तरी ओल आत शिरली असणार. सकाळी थंडीत आली आणि तिचं बर्फ झालं.

अताके घाईत दिसले नाहीत. त्यांनी दोन्ही स्क्रू फिरवले, दुर्बीण उतरवली, खिशात ठेवली. रायफल पुन्हा वर केली. उघडा नेम. मेंढी ओरडत होती. अताके नेम धरून उभे राहिले, उभेच राहिले. नळीचं टोक थोडं डावीकडे गेलं, थोडं उजवीकडे आलं. चाप ओढला गेला नाही.

मग मान न वळवता त्यांनी रायफल बाजूला, तिच्याकडे धरली.

"घे."

"मी?"

"खाच दिसते?"

तिनं गाल दस्त्याला लावला. "दिसते."

"माशी?"

"दिसते."

"मग लांडगी तेवढीच राहिली. मला एक दिसलं की दोन पळतात, पोरी."

तिनं बिस्मिल्ला म्हटलं. ओठ गोठले होते, शब्द अर्धाच फुटला, पण ज्याला ऐकायचा त्यानं ऐकला असावा. पहिली गोळी लांडगीच्या पायाशी बर्फात गेली. लांडगीनं मेंढी सोडली आणि डोकं वर केलं, कोण आहे हे बघायला.

"खाली धरलीस," अताके शांतपणे म्हणाले, जणू ओढ्यातल्या नमद्यावरच चाललंय. "माशी खाचेत भर. पूर्ण."

दुसरी गोळी लागली. लांडगी बसली, मग आडवी झाली. पिल्लं कड्यावरून नाहीशी झाली.

मेंढी तीन पायांवर आपली आपण कळपात येऊन मिसळली. अताकेंनी तिच्या हातातून रायफल घेतली, उरलेली काडतुसं काढली, आणि टोपी मागं सरकवून त्या मेलेल्या जनावराजवळ जरा वेळ उभे राहिले. त्यांचे ओठ हलताना तिला दिसले.

लांडगी घोड्याच्या खोगिरावर टाकली. घोडा आधी बिथरला, मग लंगडत चालू लागला. अर्धा कोस वाट सरली. शेवटी तिलाच राहवेना.

"अताके, चूक माझी. काल मी ती आत शेगडीजवळ टांगली."

"माहीत आहे. सकाळी दस्त्याला शेणीच्या धुराचा वास होता."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सून पाहुण्याला दाराबाहेर ठेवत नाही, ते चांगलंच आहे. पण बंदूक पाहुणी नाही, कुत्र्याच्या जातीची आहे. तिचा मान बाहेर." मग म्हणाले, "आणि तुझी चूक एका संध्याकाळची. माझी तीन वर्षांची. डोळे जायला लागले तेव्हा मी कुणाला सांगितलं? लोकांची जनावरं घेऊन दर वर्षी वर येत राहिलो. दुर्बिणीनं निभावलं. पण मला कळत होतं की एक दिवस काच दगा देणार, आणि तेव्हा बरोबर तूच असणार. साबिरबेक ट्रकवर. बेइशे गप्पांवर."

"म्हणून माशी बसवलीत?"

"उस्तानं विचारलं ना, मारणार कोण? मी म्हटलं, मी. खोटं बोललो. दुकानात चार माणसं होती."

अनारकूलला ओढ्यातले ते तीन दिवस आठवले, आणि धरलेला तो खांदा, ज्यानं त्याच संध्याकाळी लाकडं फोडली होती. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे, निभावून न्यावा. आणि इकडे म्हातारा केसाकेसानं माशी सरकवत होता, ती तिच्या डोळ्याला बसावी म्हणून. ती पुढं चालत राहिली, पाऊल मुद्दाम दाबून टाकत, म्हणजे मागच्याला ते नीट दिसावं.

गावाच्या पुलावर बेइशे उभा होता. सकाळपासून तीनदा येऊन बघून गेला होता, हे त्याच्या पायांखालच्या तुडवलेल्या बर्फावरून कळत होतं.

"शिरालगा, मेर्गेन," तो म्हणाला. शिकार घेऊन येणाऱ्याला वाटेत भेटणाऱ्यानं हा शब्द म्हटला की वाटा द्यावा लागतो.

"लांडगी आहे. दात घे, तुझे पडलेत."

"चावायला तुझ्याकडे तरी काय आहे?" बेइशे घोड्याभोवती फिरला, जखम बघितली, मग रायफल बघितली. "दुर्बीण कुठं गेली?"

"खिशात."

बेइशेच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. "म्हणजे माशीवर? धुक्यात? कुणी मारली?"

"अताकेंनी," अनारकूल म्हणाली. विचार न करताच म्हणाली, सुनेच्या तोंडून जे यायचं तेच आलं.

बेइशेनं टोपी काढली. तो असं कधी करत नसे. "पंच्याहत्तरीत, उघड्या नेमानं. मी दीड वर्ष भुंकलो की रे. थांब, आता ज्या ज्या घरी भुंकलो त्या घरी जाऊन सांगतो. पिवळी मेंढी का लंगडतेय? असू दे, असू दे, जिवंत आहे ना, खुदाची मेहेरबानी." आणि तो मेंढ्या हाकत, मोजत, मधूनच मोजणी चुकत, गावाकडे गेलासुद्धा.

पुलापासून घरापर्यंत एक हाक ऐकू जाईल एवढीच वाट. पण अताके कालव्याच्या दगडावर बसले. घोडाही थांबला.

"खोटं बोललीस," ते म्हणाले.

"बोलले."

"पुलावरचं खोटं खुदा सुनेला माफ करील. कागदावरचं करणार नाही. तू लिहिणार आहेस ना त्या पेपरात?"

"तुम्ही सांगाल तरच, अताके."

"सांगतो. पहिली शिकार, दुसरी शिकार, ते राहू दे. असं लिही की यानं माशी बसवली तेव्हा ती याला दिसत नव्हती. जिला दिसणार होती तिच्यासाठी बसवली. लोक हसले, तेही लिही, बेइशेचं नाव घालून, त्याला आवडेल. आणि लांडगी सुनेनं मारली, दुसऱ्या गोळीला. पहिली चुकली, तेही लिही. नाही तर खरं वाटणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती अकरा घरं जनावरं कुणाच्या हवाली करायची ते बघून ठरवू देत."

"लिहीन," ती म्हणाली.

"अजून संपलं नाही. 'आमचे सासरे' असं लिहू नको. 'घरातले थोरले' असंही नको. या खोऱ्यात घरोघरी थोरले बसलेत, लोकांना कोण कळणार? तोंडानं नाव घेऊ नको, तुझी सासू वरून ऐकत असेल, तिला आवडायचं नाही. पण हाताला कुणी बंदी केलेली नाही." त्यांनी खिशातून ती आंधळी झालेली दुर्बीण काढली, हातात फिरवली, पुन्हा ठेवली. "लिही, जुमाशचा मुलगा सिदिगाली. आणि अक्षर मोठं काढायला सांग त्यांना, पोरी. मला वाचायचं आहे."